पुढच्या खोलीतलं चार इंजिनांचं विमान

आमच्या घिवलीच्या घरात पुढच्या खोलीत एक विमान आहे. त्याने माझं डोकं खाल्लं आहे. विमान खरं नाही, कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसतं. पण आवाज खरा करतं, टेबल खरं अडवतं आणि घरात भांडणंही खरीच लावतं.

ते चालवतो आमचा म्हातारा, म्हणजे माझा नवरा. तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करते. पण लिहिताना प्रत्येक वाक्यात मान द्यायला माझ्याकडे वेळ नाही. मी चौथीपर्यंत शिकले. त्यात जेवढं येतं तेवढं लिहिते.

म्हातारा मुंबईच्या विमानतळावर इंजिनांचा मेकॅनिक होता. त्याच्या घरी बोट होती, मासेमारी होती, पण याला समुद्रात गेलं की उलटी व्हायची. बोटीच्या इंजिनाशी मात्र त्याचं बरं जमायचं. त्यावर तो शिकला, नोकरीला लागला आणि जन्मभर विमानांच्या इंजिनांत हात घालून राहिला. मी दांडी गावची. लग्नानंतर इथे सासू-सासरे सांभाळले, मासळी सुकवली, विकली. तो महिन्यातून दोनदा घरी यायचा आणि त्याच्या अंगाला रॉकेलचा वास यायचा. एवढ्या मोठ्या विमानात रॉकेलसारखंच काहीतरी घालतात म्हणाला, तेव्हा मला वाटलं हा कुठेतरी स्टोव्हच्या दुकानात कामाला आहे आणि थापा मारतो आहे. थापा नव्हत्या.

मी स्वतः आजवर विमानात बसलेली नाही. बसायची इच्छाही नाही.

दोन वर्षांपूर्वी मुलाने हे विमान घरात आणलं. मुलगा बोईसरच्या एका कारखान्यात कंट्रोल रूममध्ये आहे आणि तिथेच फ्लॅटमध्ये राहतो. दर रविवारी दुपारी जेवायला येतो. बाबा दिवसभर ओट्यावर बसून असतात, त्यांना काहीतरी विरंगुळा पाहिजे, असं त्याच्या मनाने घेतलं. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं की जाळी शिवायला दे. पण मला कोणी विचारलं नाही. एका रविवारी कॉम्प्युटर आला, मोठा पडदा आला, टेबल आलं. माझा सुक्या मासळीचा डबा त्या कोपऱ्यातून उठला तो आजपर्यंत परत जागेवर गेला नाही.

पहिलं विमान साधं होतं. म्हाताऱ्याने तरुणपणी ज्यांच्यावर काम केलं त्याच जातीचं, चार इंजिनांचं जुनं जेट. मुलाने एक बटण दाबलं आणि चारही इंजिनं एकदम घूं करायला लागली. म्हातारा पडद्याला नाक लावून बघत राहिला.

"ही घड्याळं हालत नायत," तो म्हणाला.

"कुठली घड्याळं?"

"ही सगळी. रंगवलेली हायत. एका बटणावर चार इंजिनं चालू? ही काय रिक्षा हाय?"

"बाबा, खेळ आहे तो."

"मग पोरांना दे."

तो उठून ओट्यावर गेला. मला आनंद झाला. वाटलं, टेबल जाईल.

टेबल गेलं नाही. मुलाने दुसरं विमान आणलं. दिसायला तसंच, पण हे म्हणे खरंखुरं बनवलेलं. कुठल्या तरी परक्या देशातल्या लोकांनी जुनी पुस्तकं गोळा करून एकेक खटका, एकेक काटा मोजून बसवला होता. यात एका बटणावर काही होत नाही. आधी बॅटरी, मग दिवे, मग तेलाचे पंप, मग हवा, असं करत अर्धा तास जातो तेव्हा कुठे एक इंजिन फिरतं. क्रमही एक, दोन, तीन, चार असा सरळ नाही. तीन, चार, दोन, एक. चूक केली की काहीतरी जळतं, आणि जळलेलं दुसऱ्या दिवशीही जळलेलंच राहतं. वेगळ्या पानावर जाऊन दुरुस्ती करावी लागते. सोबत दोनशे पानांचं इंग्रजी पुस्तक होतं. मुलाने ते बोईसरला छापून बांधून आणलं.

मी म्हटलं, "खेळण्यातलं विमानही बिघडतं?"

म्हातारा खूश झाला. "बिघडतं म्हणूनच ते विमान हाय."

तेव्हापासून सकाळी चहा झाला की तो त्या खुर्चीत. खिडकीचा पडदा ओढायचा, कारण काचेवर ऊन येतं. पंखा बंद, कारण इंजिनाचा आवाज नीट ऐकू येत नाही. मिक्सरमध्ये कोणी खडे घातल्यासारखा तो आवाज तासन्‌तास. आणि एवढं करून हा माणूस विमान कधी उडवत नाही. चार इंजिनं चालू करतो, काटे बघतो, मान हलवतो, बंद करतो. परत चालू करतो.

मुलगा एकदा वैतागून म्हणाला, "बाबा, उडवा तरी एकदा."

"उडवायचं काम पायलटचं."

"इथे पायलट कोण आहे?"

"नाय ना? मग नाय उडणार."

इथपर्यंत मी सहन केलं. नंतर जे झालं ते वेगळं.

रविवारी दुपारी जेवण झालं की मुलगा बापाच्या मागे उभा राहून बघायचा. त्याच्या लक्षात आलं की म्हातारा मध्येच थांबतो. इंजिन फिरायला लागलं की एक छोटी दांडी उचलून त्यात तेल सोडायचं असतं. पुस्तकात त्याला ठरावीक सेकंद दिलेले आहेत. म्हातारा दांडीवर हात ठेवायचा आणि बसून राहायचा. नजर एका काट्यावर, तोंड बंद. मुलगा म्हणायचा, "बाबा, दांडी." म्हातारा ऐकायचा नाही. मग लाल दिवा लागायचा. इंजिन फिरवणारा स्टार्टर जळायचा. त्यानंतर म्हाताऱ्याचा हात दांडी उचलायचा.

असं चार रविवार झालं. पाचव्या रविवारी मुलगा माझ्यामागे चुलीपाशी आला.

"आई, बाबांचं काही खरं नाही. मध्येच बधिर होतात. काय करायचं तेच विसरतात."

"जन्मभर तेच केलंय त्यांनी. विसरतील कसे?"

"तेच तर म्हणतोय ना. जे जन्मभर केलं तेच विसरतायत. आमच्या प्लांटला कोणी असा व्हॉल्व्हवर हात ठेवून बघत बसला तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवतील."

तो उगाच बोलत नव्हता. त्या पावसाळ्याआधी म्हातारा वाडीतला पाण्याचा पंप चालू ठेवून दिवसभर विसरला होता. एकदा दांडी गावाला माझ्या भावाकडे जायला निघाला आणि भलत्याच, पाम गावाच्या टमटममध्ये जाऊन बसला. आम्ही दोघं हसलो होतो. मुलगा हसला नव्हता. आता त्याने सगळं एकत्र जोडलं. म्हणाला, दिवाळीनंतर हे घर बंद करायचं, तुम्ही दोघं बोईसरला या. डॉक्टर जवळ, आम्ही जवळ.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. मी तिथे तीन दिवस राहिले आहे. सून चांगली आहे, पण मी बोंबील भाजले तर खालच्या मजल्यावरून माणूस विचारायला येतो की काही जळतंय का. मला तिथे मरायचं नाही. आणि म्हाताऱ्याला तिथे नेलं तर तो एका महिन्यात खरंच बधिर होईल, हे मला कोणी डॉक्टरने सांगायची गरज नव्हती.

मी मुलाला म्हटलं, "त्यांना सांगितलंस?"

"तूच सांग."

मी सांगितलं नाही. पण घर लहान आहे. म्हाताऱ्याने ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने ते दोनशे पानांचं पुस्तक काढलं. चष्मा लावून, बोट ठेवून त्याने ते पान तीन वेळा वाचलं. मग मिटलं.

"पुस्तकात बरोबर लिवलंय," तो म्हणाला. "माझंच चुकतंय."

"मग नीट करा."

"हात ऐकत नाय."

त्यानंतर तो खुर्चीत बसला नाही. ओट्यावर बसला. पडदा उघडा, पंखा चालू, घरात आवाज नाही. मला दोन वर्षं जे पाहिजे होतं ते मिळालं, आणि चार दिवसांत मी त्याला कंटाळले. चहा घ्या म्हटलं तर चहा पितो. जेवा म्हटलं तर जेवतो. मीठ कमी असलं तरी बोलत नाही. असा माणूस घरात ठेवून काय करायचं? त्यापेक्षा मिक्सर परवडला.

आठवड्याने मी चिडून म्हटलं, "चालू करा ते तुमचं भूत. धूळ बसतेय त्याच्यावर."

"कशाला?"

"मी सांगते म्हणून."

त्याने चालू केलं. मी त्याच्या पायाशी जमिनीवर बसून सुकट निवडत होते. त्याने एकदा तीन नंबरचं इंजिन चालू केलं, बंद केलं. परत करायला गेला आणि थांबला. उजवा हात दांडीवर. मुलगा नेहमी मागे उभा असायचा, पडदा बघायचा. मी खाली बसले होते, म्हणून माझ्या डोळ्यांसमोर त्याचा डावा हात होता. गुडघ्यावर ठेवलेला. त्याचा अंगठा चालत होता.

करंगळीच्या खालच्या पेरावर, मग मधल्या, मग वरच्या. मग शेजारच्या बोटावर. आमच्याकडे मासळी अशीच मोजतात. चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, बारा झाली की एक हात. एक हात झाला की खडा ठेवायचा आणि पुन्हा करंगळीपासून सुरू करायचं. मी ते पन्नास वर्षं केलं आहे. अंगठा कसा चालतो ते मला कोणी शिकवायला नको.

मीही मनात मोजलं. एक हात झाला. लाल दिवा लागला. तो थांबला नाही. दुसरा हात संपला आणि त्याच पेराला त्याने दांडी उचलली.

"काय मोजत होता?" मी विचारलं.

"कोण?"

"तुमी. बोटांवर."

त्याने स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं, जसं काही कोणी दुसऱ्याचाच हात त्याच्या गुडघ्यावर ठेवून गेलं होतं. "मी कशाला मोजू?" म्हणाला. खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

बधिर झालेला माणूस बरोबर दोन हात मोजून दांडी उचलत नाही. एवढं मला कळलं. का मोजतो ते कळलं नाही, आणि ज्याला विचारायचं त्यालाच आठवत नव्हतं. पालघरला त्याच्याबरोबर कामाला असलेला एक जण राहतो. दोघं एकाच हँगरमध्ये होते. त्याची बायको वारली तेव्हा मी भेटायला गेले होते, म्हणून घर माहीत होतं. बुधवारी मी म्हाताऱ्याला बाजारात जाते सांगितलं, बोंबलाची एक पिशवी घेतली आणि बोईसरला जाऊन पालघरची एसटी पकडली.

त्याने दार उघडलं, मला बघितलं, पिशवी बघितली.

"वहिनी, तुमी एकट्या? तो मेला का?"

"नाय. मेला असता तर बोंबील आणले असते का?"

"खरं हाय. बसा."

मी त्याला सगळं सांगितलं. विमानाचा खेळ, दांडी, लाल दिवा, अंगठा. खेळाचं ऐकून तो हसत होता. अंगठ्याचं ऐकून हसायचा थांबला.

"दोन हात?" त्याने विचारलं.

"दोन. चोवीस पेरं. मी मोजली."

"आणि ते इंजिन आधी चालवून बंद केलेलं होतं?"

"दिवसभर तेच चाललेलं असतं. चालू कर, बंद कर."

"मग बरोबर करतो तो." त्याने स्वतःचा डावा हात वर केला आणि अंगठा पेरांवर फिरवून दाखवला. "वहिनी, नुकतं बंद केलेलं इंजिन आत तापलेलं असतं. त्यात लगेच तेल सोडलं तर भडका. इंजिन गेलं. म्हणून नुसती हवा जाऊ द्यायची, गरमीचा काटा खाली येईपर्यंत. मे महिन्यात दुपारी दोन हात लागायचे. पुस्तकात नव्हतं ते. आमच्या आधीच्यांनी आमच्या बोटांत घातलं."

"आणि स्टार्टर जळतो त्याचं काय?"

"जळायचा कधीकधी. साहेबाच्या शिव्या खायच्या. स्टार्टर बदलता येतो दोन तासांत. इंजिन बदलायला दिवस जातात."

"मग या खेळवाल्यांना हे माहीत का नाय?"

"त्यांनी पुस्तक बघून बनवलं. आमची बोटं कोण बघायला आलं होतं?"

मी उठले. त्याने विचारलं, "थंड इंजिनाला काय करतो तो? सकाळी पहिल्यांदा?"

ते मी बघितलं नव्हतं.

"बघा. थंड इंजिनाला मोजायचं नाय. तिथेपण मोजत असला तर मग पोरगा म्हणतो ते खरं."

पुढच्या सकाळी चहा झाल्या झाल्या मी म्हाताऱ्याला खुर्चीत बसवलं आणि निवडायला सुकट नसताना रिकामं सूप घेऊन खाली बसले. इंजिन फिरलं. अंगठा हलला नाही. त्याने वेळेवर दांडी उचलली, लाल दिवा लागला नाही. तेव्हा मला कळलं की चारही रविवारी काय झालं होतं. मुलगा यायचा दुपारी. तोवर म्हाताऱ्याने सकाळपासून इंजिनं तापवून ठेवलेली असायची.

रविवारी मी सकाळी कॉम्प्युटरची वायर काढून ठेवली. म्हातारा माझ्यावर ओरडला. ओरडू दिलं. मुलगा आला, जेवला. मी वायर लावली.

"आता बघ," मी मुलाला म्हटलं. "पडद्यात बघू नको. त्यांच्या डाव्या हाताकडे बघ."

तीन नंबर चालू झालं. थंड इंजिन, अंगठा गप्प, दांडी वेळेवर. मी म्हाताऱ्याला ते बंद करून परत चालू करायला लावलं. आता अंगठा चालायला लागला. मुलगा बघत राहिला. मी त्याला पालघरच्या माणसाचा फोन लावून दिला. ते दोघं बराच वेळ बोलले. मुलाच्या चेहऱ्यावरून कळत होतं की समोरचा त्याला शिव्या देत आहे.

फोन ठेवून मुलगा म्हणाला, "यात एक सेटिंग आहे बाबा. स्टार्टर जळणं बंद करता येतं."

"नको," म्हातारा म्हणाला. "मग परत रिक्षाच."

मी खूश होते. मला वाटलं, जिंकलो. मुलगा आता दिवाळीचं नाव काढणार नाही.

मग म्हाताऱ्याने दुरुस्तीच्या पानावर स्टार्टर बदलला, तीन परत चालू करून पुढे चार चालू केलं. आता दोन नंबर. त्याचा हात दोनकडे गेला, थांबला आणि पुन्हा चारच्या दांडीवर आला. चार आधीच चालू होतं. अंगठा हलत नव्हता. काही मोजत नव्हता. त्याने दांडी खाली पाडली आणि चालू इंजिन बंद केलं. मग आमच्याकडे वळून विचारलं, "किती झाली?"

तीन नंबर अजून घूं करत होतं.

मुलगा हळूच म्हणाला, "आई, बघितलंस?"

"बघितलं."

"हे काही गरम इंजिन नाही."

"नाय. हे विसरणं आहे. ते खरं आहे." मला राग आला होता, पण कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. "पण जे तो विसरला नव्हता, त्यालाही तू विसरला म्हणालास. चार रविवार. त्या माणसाने स्वतःवरचा विश्वास सोडला. आधी ते परत घे, मग बाकीचं बोल."

मुलगा माफी मागणाऱ्यातला नाही. बापावर गेला आहे. त्याने ते दोनशे पानांचं पुस्तक उघडलं, ते पान काढलं आणि पेनने, कारखान्यात लिहितो तशा सरळ अक्षरात, सेकंदांच्या आकड्याशेजारी लिहिलं: गरम इंजिन, दोन हात. पुस्तक म्हाताऱ्यापुढे धरलं. म्हाताऱ्याने वाचलं. "मे महिन्यात" असं पुढे लिहायला लावलं.

मग आम्ही बोललो. डॉक्टरकडे जायचं ठरलं आणि गेलोही. गोळ्या चालू आहेत. पंपाला आपोआप बंद होणारं यंत्र बसवलं. टमटममध्ये म्हाताऱ्याला एकट्याने बसू देत नाही. दिवाळी घिवलीतच झाली. मी मुलाला सांगितलं आहे, ज्या दिवशी माझ्या खड्यांनीही भागणार नाही त्या दिवशी मीच घराला कुलूप लावीन. तोवर विचारू नको.

खडे म्हणजे हे. किनाऱ्यावरून चार सारखे गोटे आणून मी टेबलावर डावीकडे ठेवले आहेत. एक इंजिन चालू झालं की एक गोटा उजवीकडे सरकवायचा. पहिल्या आठवड्यात तो स्वतः सरकवायचा. आता ते विसरतो, म्हणून मला तिथे बसावं लागतं. रोज सकाळी, चहा झाल्यावर, भांडी तशीच टाकून.

"किती झाली?" तो विचारतो.

"दोन. आता दोन नंबर."

"दोन झाली की दोन नंबर?"

"असाच क्रम लावलाय तुमच्या लोकांनी. मला विचारू नका."

चौथा गोटा सरकला की मी उठते आणि पंखा लावते. तो काटे बघतो, मान हलवतो, बंद करतो आणि गोटे परत डावीकडे ठेवायला मला हाक मारतो.